आमच्या नेल्सनच्या वार्ताहराकडून

११ जून २०१४, ख्राइस्टचर्च

आजपासून ही वही. माझं ईमेल या घरात कोणीतरी वाचतंय अशी माझी खात्री झाली आहे, म्हणून खरं ते इथे, हाताने आणि पेनाने लिहिणार.

शनिवारी माझ्या पुण्याच्या मित्राला, विश्वनाथला, लिहिलं होतं की इथल्या जूनच्या हिवाळ्यात माझ्या खोलीत गारठ्याने बोटं वळत नाहीत आणि सुनेला सांगावं तर ती आणखी एक स्वेटर आणून देते. सोमवारी संध्याकाळी खोलीत नवा हीटर. श्रिया म्हणाली, सेलमध्ये दिसला. मे महिन्यात लोणच्याबद्दल लिहिलं होतं, तर तिसऱ्या दिवशी जेवणात लिंबाचं लोणचं आलं, कमी मिठाचं का होईना. योगायोग एकदा होतो.

घरात माणसं चार. मी चंद्रहास, वय अडुसष्ट, मार्चमध्ये बायपास झालेला. मुलगा क्षितिज, इथे भूकंपानंतरच्या बांधकामांवर इंजिनियर. सून श्रिया, बँकेच्या कसल्याशा कॉम्प्युटर विभागात. आणि नात जुई, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजी येतं. यांपैकी जुईवर माझा संशय नाही.

१७ जून

मंगळवार. विश्वाचं पत्र आलं. हल्ली मंगळवार चुकवत नाही. पूर्वी आठ आठ दिवस गप्प बसायचा आणि मग एकाच दिवशी तीन लांबलचक पत्रं, त्यात निम्म्या शिव्या. माझ्या ऑपरेशननंतर एकदम सरळ झाला आहे. दर वेळी शेवटी गोळ्यांची चौकशी.

माझ्या गाऱ्हाण्यांवर मात्र पूर्वीसारखाच माझ्या बाजूने. लिहितो, ‘तुझ्या सुनेला माणसाच्या जिभेची किंमत नाही हे मी लग्नातच ओळखलं होतं. पण बाबा, मीठ कमीच खा.’ वाचून बरं वाटलं. श्रिया आज घरूनच काम करत होती, मंगळवारी करते. चहा देताना माझ्याकडे बघत नव्हती.

विश्वा ठार बहिरा झाल्याला पाच वर्षं झाली, त्यामुळे फोनचा प्रश्न येत नाही. आम्ही दोघं पुण्यात एकाच वर्गात जर्मन शिकलो, मग पिंपरीला एकाच कंपनीत समोरासमोरच्या टेबलांवर बसून एकतीस वर्षं यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणल्या. एकाने कच्चा खर्डा करायचा, दुसऱ्याने लाल शाईने तपासायचा. आणि प्रत्येक खर्ड्यात एक चूक मुद्दाम पेरायची. तपासणाऱ्याने ती शोधली नाही तर त्याच्याकडून मिसळ. साहेबांना हे कधी कळलं नाही. एकतीस वर्षांत विश्वाने माझी चूक दोनदा सोडली, आणि दोन्ही वेळा आपल्याला ताप होता असं तो अजून सांगतो.

२९ जून

आता वेस्टरकाम्पबद्दल, कारण निवृत्तीनंतरचं आमचं दोघांचं काम तेच आहे.

आउगुस्ट वेस्टरकाम्प, ब्रेमेनच्या पाद्र्याचा मुलगा. १८४८च्या धामधुमीत वर्तमानपत्र काढलं, ते सरकारने बंद पाडलं, याला तीन महिने तुरुंग. दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. मग १८५१ ते १८६३ हँबुर्गच्या एका साप्ताहिकात त्याची पत्रं येत राहिली, ‘आमच्या नेल्सनच्या वार्ताहराकडून’ या मथळ्याखाली. या देशातलं नेल्सन, जिथे तेव्हा जर्मन शेतकरी येऊन वसले होते. त्या पत्रांचा बांधलेला खंड आम्हाला ७१ साली फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मिळाला. तेव्हापासून मराठीत आणायचं म्हणत होतो. गेल्या वर्षी मी इथे राहायला आलो तेव्हा विश्वा म्हणाला, आता तू त्याच्या अंगणात आहेस, निमित्त सांगू नकोस. विषम पत्रं माझी, सम पत्रं त्याची.

आज मी १८५५च्या मोठ्या भूकंपाचं पत्र करत होतो. घरं किती पडली, किनारा किती वर आला, सगळं आहे. पण हा गृहस्थ त्या वेळी कुठे उभा होता ते नाही. या शहरात कुणालाही २०११च्या भूकंपाबद्दल विचारा. आकडा नंतर, आधी स्वतःची जागा. मी पार्किंगमध्ये होतो, मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. बारा वर्षं नेल्सनला राहिलेल्या माणसाचा कपसुद्धा हलला नाही?

मला हा माणूस संशयास्पद वाटतो. विश्वाला लिहिलं.

२३ जुलै

सापडला. इथली जुनी वर्तमानपत्रं आता इंटरनेटवर आहेत. मी नेल्सनचा पेपर आणि वेस्टरकाम्पची पत्रं शेजारी शेजारी ठेवून बसलो. ओळीच्या ओळी तिकडून उचललेल्या. हे कदाचित चाललं असतं, पण एका अंकात छापलं होतं की अमुक जहाजाचा कप्तान प्रवासात वारला. पुढच्या अंकात दुरुस्ती, कप्तान नव्हे, दुय्यम अधिकारी. वेस्टरकाम्पने कप्तानावर अर्धं पान शोक केला आहे. जो कप्तान त्या रविवारी नेल्सनच्या चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत बसला होता.

हँबुर्गची जुनी पत्ता-पुस्तकंही बघितली. बाराही वर्षं एकच गल्ली, एकच घर, तिसरा मजला. हा कधी जहाजावर चढलाच नाही. त्या काळी अशी पद्धत होती म्हणे. परदेशी वार्ताहर ठेवणं परवडत नसे, मग घरच्याच एखाद्याने बोटीने आलेले पेपर कातरायचे आणि दूरदेशीहून लिहितो आहे असं दाखवायचं.

त्या नादात विश्वाने जानेवारीत हाताने लिहून, स्कॅन करून पाठवलेलं बावीस क्रमांकाचं पत्रही चाळलं, मी छापून ठेवलेलं. मोटुएका नदीला पूर, तिघे वाहून गेले. दोघांची नावं, तिसऱ्याचं नाही, ‘एक जर्मन सुतार, उजव्या हाताला चारच बोटं.’ तेही नेल्सनच्या पेपरातून जसंच्या तसं. समासात विश्वाची लाल शाई, ‘चार बोटं. पुढे आलं की बोलू.’ त्याला असल्या बारीकसारीक गोष्टींचा भारी सोस.

त्याची लाल शाई मी शेवटची बघितली ती याच पानावर. हल्ली नुसतं टाइप करून पाठवतो, ‘फार छान झालं आहे.’ स्वतःची सम पत्रं मात्र ऑपरेशनपासून एकही नाही, सगळी एकदम पाठवतो म्हणतो. विश्वनाथने माझ्या पानाला फार छान म्हणावं?

१२ ऑगस्ट

विश्वाचं पत्र. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली बेकरी कायमची बंद झाली म्हणे. चाळीस वर्षं हा रोज सकाळी तिथून पाव आणायचा. मला वाईट वाटलं. त्याने मात्र चार ओळींत उरकलं, नंतर धरण भरल्याची बातमी, मग माझ्या गोळ्या. पुण्याच्या बातम्या मी पेपरात वाचत नाही, विश्वाकडून घेतो, कारण तो त्या तिखटमीठ लावून पाठवायचा. सध्या तिखट नाही आणि मीठही नाही. या घराचीच हवा लागली म्हणायची.

तो काहीतरी लपवतो आहे. इकडे श्रिया आणि क्षितिज मला बघितलं की बोलणं थांबवतात. परवा ती म्हणत होती, ‘किती दिवस चालणार हे?’ क्षितिज म्हणाला, चेकअप होऊन जाऊ दे. मी दारात दिसल्यावर दोघं बागेतल्या नळाबद्दल बोलायला लागले. मला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत ठेवायचा विचार असणार. रस्त्यापलीकडेच एक आहे, गुलाबबिलाब लावलेली.

१० सप्टेंबर

कालच्या पत्रात विश्वा लिहितो, ‘यंदा विसर्जनाला ढोलांचा आवाज असह्य झाला.’ बहिऱ्याला आवाज असह्य झाला. म्हणजे याने कानाचं नवं यंत्र घेतलं आणि मला सांगितलं नाही. यंत्र आलं म्हणजे फोन करता येईल, आणि फोन आला म्हणजे खरं बोलावं लागेल. सगळं जुळतं.

मी आज त्याला सबंध पत्र जर्मनमध्ये लिहिलं. घरातल्या चोराची सोय बंद.

२४ सप्टेंबर

जर्मन पत्राला उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि आलं ते मराठीत. ज्या माणसाने एका क्रियापदावरून माझ्याशी सहा महिने अबोला धरला होता त्याने माझ्या जर्मनमध्ये एक खोट काढली नाही. नऊ दिवस श्रियाचा चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा. जुई म्हणाली, ‘Aajoba, Mum’s learning German on her phone, it’s heaps funny.’ विचारलं तर श्रिया म्हणाली, ऑफिसचं काम आहे. हेरगिरीला आता अभ्यासाची जोड मिळाली.

मी शेवटचा उपाय केला. सत्तेचाळीस क्रमांकाच्या पत्रात चूक पेरली. जहाज निघालं त्याच्या आदल्या दिवशी पोचलं असं लिहून टाकलं, शाळेतल्या पोरालाही दिसावं असं. विश्वाचं उत्तर, ‘उत्तम. एकही दुरुस्ती नाही.’

तो माझी पानं वाचत नाही. दुसऱ्या कोणाबरोबर तरी तो वेस्टरकाम्प स्वतःच्या नावावर छापतो आहे.

८ ऑक्टोबर

आज त्रेसष्टावं पत्र केलं. राग इतका आला की मध्येच उठून बागेत दोन फेऱ्या मारल्या.

होल्स्टाइनमधल्या एका म्हातारीने साप्ताहिकाला लिहिलं होतं. तिचा मुलगा नेल्सनला गेला, सुतार आहे, उजव्या हाताला चार बोटं आहेत, दोन वर्षं पत्र नाही, तुमच्या वार्ताहराने त्याची चौकशी करावी. आणि हा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा वार्ताहर उत्तर देतो, ‘आई, तुमचा मुलगा मला परवा भेटला. त्याने टेकडीखाली घर बांधलं आहे. सफरचंदाची अकरा झाडं लावली आहेत. पत्र लिहीत नाही कारण तो आळशी आहे, लहानपणापासून तसाच होता हे तुम्हाला माहीत आहेच.’ पुढच्या चार पत्रांत त्या झाडांना फुलं येतात, फळं येतात.

फसवणुकीची ही हद्द झाली. प्रस्तावनेसाठी शब्द ठरवला आहे, नीच.

त्याच तारेत विश्वाला लिहिलं. त्रेचाळीस वर्षांत जे बोललो नाही ते बोललो. तू चोर आहेस, माझी मेहनत विकतो आहेस, आणि माझ्या आजारपणाची वाट बघत होतास असंही लिहिलं. शेवटचं वाक्य खोडायला हवं होतं, पण बटण दाबलं गेलं.

१५ ऑक्टोबर

उत्तर आलं. दोनच ओळी. ‘चंद्र्या, तुझ्याशिवाय मी कधी एक पान केलं नाही. काय हवं ते म्हण, पण औषध बंद करू नकोस.’

श्रियाचे डोळे सकाळपासून लाल आहेत. क्षितिजशी भांडण झालं असावं. मी विचारलं नाही, कारण मला कोणी विचारत नाही. दुपारी ती पुरणपोळी करून बसली, ना सण ना वार. विश्वाला पुरणपोळी आवडते, मला नाही. मला नाही हे तिला ठाऊक आहे.

मग कोणासाठी केली?

१९ ऑक्टोबर

रविवार. आज प्रस्तावना लिहायला बसलो. जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

पहिला परिच्छेद असा झाला. ‘जागेवर नसलेला वार्ताहर ओळखावा कसा? तो ठरल्या दिवशी लिहितो. तो कधी आजारी पडत नाही. जे पेपरात येतं तेच त्याला माहीत असतं, आणि पेपर चुकला की तो चुकतो. तो कुठे उभा आहे हे कधी सांगत नाही. आणि वाचणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच तो लिहितो.’

वाचून पाहिलं. परिच्छेद चांगला जमला होता. दुसऱ्यांदा वाचला आणि उठून विश्वाची पत्रं काढली.

नेल्सनच्या पेपराचं जे केलं तेच केलं. विश्वाची एप्रिलपासूनची पत्रं एका बाजूला, पुण्याचा पेपर दुसऱ्या बाजूला. धरण होतं. ढोल होते. बेकरीही होती, ‘कायमची बंद.’ दुसऱ्या दिवशीच्या अंकात कोपऱ्यात दिलगिरी, बंद नाही, दुरुस्तीसाठी आठ दिवस. त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला हे पेपरातून कळायची गरज नव्हती. तो नवव्या दिवशी पाव घेऊन आला असता.

विश्वनाथ नाही. माझ्या ऑपरेशननंतर तो एकदम सरळ झाला, तेव्हापासून नाही.

मी ज्याला चोर म्हटलं तो तेव्हा सहा महिने या जगातच नव्हता. रडू आलं नाही. लाज वाटली, आणि छातीत दुखलं, टाक्यांचं नाही.

२० ऑक्टोबर

दिवसभर खोलीत. मग पत्रं कोण लिहितं, हा प्रश्न फार वेळ राहिला नाही. हीटर. लोणचं. मंगळवार. फोनवरचं जर्मन. पुरणपोळी विश्वासाठी होती.

मी सहा महिने सुनेच्या कागाळ्या सुनेलाच लिहीत होतो, आणि ती दर मंगळवारी मला उत्तर देत होती की हो रे, तुझी सून आहेच तशी.

२१ ऑक्टोबर

मंगळवार. क्षितिज कामावर, जुई शाळेत, श्रिया वरच्या खोलीत लॅपटॉपपाशी. मी खाली स्वयंपाकघरात बसून ईमेल लिहिलं, मराठीत.

‘प्रिय विश्वा, तू गेलास हे मला कळलं आहे. शेवटच्या पत्रात मी जे बोललो ते पोचायला नको होतं, आणि ज्या हातांत ते पोचलं त्यांना तर मुळीच नको होतं. तुझ्या वतीने जी लिहिते तिला सांग, मी गोळी घेतली आहे. चहा ठेवतो आहे, दोन कप.’

पाठवलं. आधण ठेवलं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं.

ती दारात उभी राहिली. म्हणाली, ‘बाबा, एकोणतीस मार्चला. झोपेतच गेले काका. तुम्ही आयसीयूत होतात.’

मी बस म्हटलं. ती बसली आणि सांगत गेली. डॉक्टरांनी धक्का नको म्हटलं होतं. विश्वाच्या बायकोने, कांचनने, त्याच्या ईमेलचा पासवर्ड दिला आणि म्हणाली, महिनाभर सांभाळून घे. क्षितिजला दोन ओळी जमेनात, म्हणून ही लिहायला लागली. महिना झाल्यावर सांगायचं ठरलं. पण मी प्रत्येक पत्रात विश्वाला लिहीत होतो की तू आहेस म्हणून मी आहे. मग पुढचा मंगळवार, मग त्याच्या पुढचा.

मी विचारलं, ‘तुझ्याविरुद्ध मी एवढं लिहिलं, तर निदान एकदा तरी स्वतःची बाजू घ्यायचीस.’

‘मी काकांची जुनी पत्रं सगळी वाचली होती, बाबा. ते नेहमी तुमच्याच बाजूने असायचे.’

तेव्हा मात्र मला रडू आलं. विश्वासाठी आलं, आणि या पोरीसाठीही. ती उठून गॅस बंद करून आली, चहा उकळून अर्धा झाला होता.

जरा वेळाने मी त्रेसष्टावं पत्र आणून तिच्यासमोर ठेवलं. आमची पद्धत सांगितली. यात एक चूक पेरली आहे, शोध. तिने अभ्यासाला बसल्यासारखी तिन्ही पानं वाचली. परत मागे गेली.

‘बाबा, हा चार बोटांचा सुतार. हा तर पुरात वाहून गेला होता ना?’

मी म्हटलं, कोणता पूर.

‘काकांचं बावीस नंबरचं. ते पान मी चार-पाच वेळा वाचलंय, त्यांचं लिहिणं नीट कळावं म्हणून.’

मी उठून ते पान आणलं. मोटुएका नदी, एक जर्मन सुतार, उजव्या हाताला चारच बोटं. ती बातमी नेल्सनच्या पेपरातून वेस्टरकाम्पनेच उतरवली होती, म्हातारीचं पत्र येण्याच्या दोन वर्षं आधी. म्हणजे तिला उत्तर लिहिताना त्याला माहीत होतं. घर, टेकडी, अकरा झाडं, सगळं माहीत असताना लिहिलं, आणि मग चार पत्रं त्या झाडांना फळं आणत बसला. मी त्रेचाळीस वर्षं तो खंड जवळ बाळगला आणि हे विश्वाला दिसलं, मला दिसलं नाही.

श्रियाने ते पान जवळ ओढलं. म्हणाली, ‘त्या आजींना कधी कळलं का?’

मी म्हटलं, माहीत नाही. त्यानंतर तिचं पत्र नाही.

प्रस्तावनेतला तो शब्द मी तिच्यासमोरच काढला. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, कारण खोटं ते खोटंच, आणि मला राग आहेच, थोडा तिच्यावरही. तेही तिला सांगितलं. ती हो म्हणाली. मी पेरलेली चूक तिला काही सापडली नाही, म्हणजे मिसळ तिच्याकडे लागली. कमी तिखट, कमी मिठाची, अशी अट तिने लगेच घातली.

संध्याकाळी कांचनला फोन केला. मग लाल पेन शोधलं आणि बावीसच्या समासात, ‘चार बोटं. पुढे आलं की बोलू’ याच्या खाली तारीख घालून लिहिलं, ‘पुढे आलं. तुझ्याऐवजी श्रियाशी बोललो.’